चोवीस गुरूंपैकी आज कोणाला विचारायचं?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तमंदिराच्या सभामंडपात बहुतेक ठिकाणी एक तसबीर असते. मध्ये त्रिमूर्ती, मागे औदुंबर, पायाशी चार श्वान, आणि कडेने चोवीस लहान लहान चित्रं: पृथ्वी, वायू, आकाश, जल, अग्नी, चंद्र, सूर्य, कपोत, अजगर… प्रदक्षिणा घालता घालता आपण ती नावं वाचतो, नातवंडांना दाखवतो. चोवीसही नावं ओळीने पाठ असलेली मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. पण घरात एखादा कठीण निर्णय समोर उभा राहतो, घर मुलाच्या नावावर करायचं की नाही, ऑपरेशन करायचं की औषधांवर भागवायचं, भावाशी चाललेला दावा पुढे ओढायचा की मिटवायचा, तेव्हा आपण शेजाऱ्याला विचारतो, जावयाला विचारतो, बँकेतल्या ओळखीच्या माणसाला विचारतो. त्या तसबिरीतल्या चोवीसांपैकी एकालाही विचारावं असं मनात येत नाही.

खरं तर ते विचारण्यासाठीच आहेत. निदान यदुराजाने तरी तसं मानलं होतं.

हा संवाद श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात, सातव्या ते नवव्या अध्यायात येतो. श्रीकृष्ण उद्धवाला ही जुनी कथा सांगतात. तिथे त्या अवधूताचं नाव घेतलेलं नाही. पण परंपरेने तो अवधूत म्हणजेच आपले दत्तप्रभू असं मानलं आहे. या एकाच स्कंधावर नाथमहाराजांनी आपली विस्तृत मराठी टीका लिहिली आणि ती काशीत १५७३ साली पूर्ण केली. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीवरचे, परम दत्तभक्त. त्यामुळे नाथ या चोवीस गुरूंपाशी येतात तेव्हा त्यांची लेखणी घरच्या माणसांबद्दल बोलावं तशी सैल होते, रमते.

यदूचा प्रश्न नीट पाहा. तो मोक्षमार्ग विचारत नाही. तो म्हणतो, महाराज, तुम्ही धडधाकट आहात, बुद्धिमान आहात, बोलायला गोड आहात, आणि तरी काही करत नाही, काही मागत नाही. सगळे लोक काम-लोभाच्या वणव्यात पोळताहेत, आणि तुम्ही गंगेच्या पाण्यात उभ्या असलेल्या हत्तीसारखे थंड कसे? राज्य चालवणाऱ्या, दिवसाला दहा निर्णय घेणाऱ्या माणसाचा हा प्रश्न आहे. ही बुद्धी तुम्हाला आली कुठून, एवढंच त्याला हवंय.

उत्तरात अवधूत जे पहिलं वाक्य बोलतात, ते आपण घाईघाईने ओलांडून यादीकडे जातो. ते सांगतात की हे गुरू मी माझ्या बुद्धीने पत्करले आहेत. इथे थोडं थांबा. कपोताने त्यांना अनुग्रह दिला नाही. अजगराने कानात मंत्र सांगितला नाही. त्या मुलीला तर आपल्या बांगड्यांकडे कोणी पाहतंय याचा पत्ताही नव्हता. शिकवणारे शिकवत नव्हते. शिकणारा शिकत होता. नाथमहाराज याचा आणखी उलगडा करतात. त्यांचं म्हणणं असं की ज्याचा गुण उचलायचा तो गुरू आहेच, पण ज्याचं वागणं पाहून काही टाकायचं, तोही गुरूच. म्हणजे पृथ्वी हा घ्यायचा गुरू, पतंग हा टाकायचा गुरू, आणि मधमाशी तर दोन्ही! ती फुलाला न दुखवता थोडं थोडं घेते, हे घ्यायचं. ती साठवते आणि साठ्यापायी जीव गमावते, हे टाकायचं.

आजकाल इंग्रजी पुस्तकांत आणि व्याख्यानांत ‘मेंटल मॉडेल’ असा शब्द फार ऐकू येतो. त्याचा साधा अर्थ असा, की जगात गोष्टी कशा घडतात याचे काही नमुने मनात तयार ठेवायचे, आणि नवा प्रसंग आला की तो त्या नमुन्यांशी ताडून पाहायचा. अमेरिकेतले चार्ली मंगर, वॉरन बफे यांचे भागीदार, यांनी १९९४ साली एका विद्यापीठातल्या भाषणात हा विचार मांडला आणि तो जगभर गेला. २०२३ मध्ये, शंभरी गाठायला महिनाभर असताना, ते वारले. एकाच शास्त्राचे एकदोन नमुने घेऊन जगू नका, अनेक शास्त्रांतले घ्या, यावर त्यांचा सारा भर होता. ज्याच्या हातात फक्त हातोडी, त्याला सगळीकडे खिळेच दिसतात, हे ते वरचेवर सांगत. आता ‘हे आमच्याकडे आधीच होतं’ असं म्हणून छाती फुगवण्याची मला हौस नाही. मंगर यांना गुंतवणुकीत चुका टाळायच्या होत्या, अवधूतांना आसक्ती टाळायची होती; गावं वेगळी. पण रस्ता बराचसा एकच आहे. नवव्या अध्यायाच्या शेवटी अवधूत यदूला स्पष्टच सांगतात, की एकाच गुरूपासून मिळालेलं ज्ञान पक्कं आणि भरपूर होत नाही. दत्तसंप्रदायातल्या माणसाला हे वाक्य आधी जरा टोचतं. आपली निष्ठा एका सद्गुरूवर, आणि ती तशीच हवी. पण इथे विषय निष्ठेचा नाही, पाहण्याचा आहे. मंत्र एकाकडून घ्यावा. डोळे मात्र चोवीस ठिकाणी उघडे असावेत.

आता एकेक गुरू घेऊन बसलो तर हा अंक पुरणार नाही. म्हणून जे आपल्या वयाच्या, घर-संसार केलेल्या माणसाला रोज उपयोगी पडतील तेवढेच घेतो.

चोवीसांत दोन गोष्टी सर्वांत सविस्तर आहेत, कपोताची आणि पिंगळेची. कपोत-कपोती एका रानात झाडावर घरटं करून राहतात. पिल्लं होतात, त्यांच्या बोबड्या बोलांत दोघं रमतात. एक दिवस दोघं चारा आणायला गेलेली असताना पारधी जाळं पसरतो आणि पिल्लं अडकतात. कपोती येते, पिल्लांचा आक्रोश ऐकते आणि धावत जाऊन जाळ्यात पडते. मग कपोत येतो. तो विलाप करतो, आता मी कोणासाठी जगू म्हणतो, आणि तोही जाळ्यात उडी घेतो. पारधी सगळं कुटुंब घेऊन, काम फत्ते झालं म्हणून आनंदाने घरी जातो.

ही गोष्ट ‘मोह वाईट’ एवढ्यावर सोडून देऊ नये. जाळं एकच आहे, पण त्यात पडणारे तीन तऱ्हांनी पडतात. पिल्लांना जाळं म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. आईचं भान शोकाने सुटलं होतं. आणि बापाला? बापाला सगळं दिसत होतं. जाळं, पारधी, तडफडणारी बायको, सगळं. त्याच्याकडे माहिती कमी नव्हती. तरी तो पडला. पुरेशी माहिती असली की माणूस योग्य निर्णय घेतो, या आपल्या समजुतीला कपोत छेद देतो.

हे चित्र आता एका घराला लावून पाहू. मुलाचा धंदा बसलाय, कर्ज थकलंय. आईने दागिने आधीच दिलेत. मुलगा म्हणतो, बाबा, आता फक्त राहतं घर तारण ठेवलं आणि तुम्ही जामीन राहिलात तर आणखी कर्ज मिळेल, मग सगळं रांगेला लागेल. बाबांना माहीत आहे की जुनं कर्ज फिटलेलं नाही आणि धंदा चालत नाही. जामीन म्हणजे काय हेही त्यांना माहीत आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. ‘आधी मुलाकडून वसूल करा, मग माझ्याकडे या’ असं म्हणता येत नाही. तरी हात सहीकडे जातो. कारण मुलगा अडकलेला असताना आपण बाहेर उभं राहणं हेच पाप वाटतं.

कपोत आठवा म्हणजे मुलाला वाऱ्यावर सोडा असा अर्थ कोणी काढू नये. कपोत एक प्रश्न विचारायला लावतो: मी जाळ्यात गेल्याने आतलं कोणी सुटणार आहे का? ठरावीक रक्कम भरली की कर्जखातं बंद होतं, मुलगा नोकरी धरतो, असं असेल तर जरूर द्या, दागिने विकून द्या. पण माझ्या जाण्याने कोणीच सुटत नसेल, फक्त मीही आत असेन, तर बाहेर राहणं हेच प्रेमाचं काम आहे. उद्या नातवाची फी कोण भरणार? सून चार दिवस राहायला कुठे येणार? जो जाळ्याबाहेर आहे त्याच्याकडे. आणि दुसरा प्रश्न त्या पारध्याचा: या व्यवहारात ‘काम फत्ते’ म्हणून घरी कोण जाणार? ते नाव कागदावर लिहून पाहावं. निम्मा निर्णय तिथेच होतो.

पिंगळा ही विदेहनगरीतली गणिका. अवधूतांनी तिला गुरूंच्या पंक्तीत बसवताना जरासुद्धा आढेवेढे घेतले नाहीत, हे आपल्यातल्या सोवळ्या मंडळींनी लक्षात घ्यावं. ती नटूनथटून दारात उभी आहे. एक जण जातो, वाटतं हा येईल. तो जातो, वाटतं पुढचा येईल, जास्त धनवान असेल. आत जाते, बाहेर येते, पुन्हा आत जाते. मध्यरात्र होते. आणि मग तिला आपल्या वाट पाहण्याचाच वीट येतो. ती आशा सोडते आणि शांत झोपते. बाहेर काहीसुद्धा बदललेलं नाही. रस्ता तोच, रात्र तीच, पैसा आलेला नाहीच. बदललं ते एवढंच, की वाट पाहण्याची किंमत तिने पहिल्यांदा मोजली.

आपल्याकडे पिंगळेचं दार घरोघरी आहे. दोन मजली बंगला आहे, वरचा मजला मुलासाठी. मुलगा पंधरा वर्षं अमेरिकेत आहे. दर फोनला म्हणतो, बघू, पुढच्या वर्षी ग्रीन कार्डाचं काय होतं ते. जिना चढवत नाही, गच्ची गळते, रात्री काही झालं तर हाकेला कोणी नाही. लिफ्टच्या इमारतीतला छोटा फ्लॅट परवडण्यासारखा आहे. पण बंगला विकवत नाही, कारण ‘तो आला तर?’ आणि ‘आतापर्यंत एवढा सांभाळला, आता कशाला’. हे दुसरं वाक्य फार फसवं असतं. जेवढं थांबलो तेवढं आणखी थांबलं पाहिजे, असं ते आपल्याला पटवतं. थांबलेली वर्षं तर गेलीच. ती पुढच्या वर्षांच्या हिशेबात धरायची नसतात. पडून राहिलेले शेअर, न विकलेला प्लॉट, भिशीवाल्याकडे अडकलेले पैसे, सगळीकडे हेच. पिंगळेला विचारावं: समजा हा बंगला आज माझा नसता, हातात रोख पैसे असते, तर मी आज हाच विकत घेतला असता का? उत्तर ‘हो’ आलं तर खुशाल राहा, गच्ची दुरुस्त करून घ्या. ‘नाही’ आलं तर मध्यरात्र झाली आहे असं समजा. मुलावर रागवायचं काही कारण नाही. पिंगळाही कोणावर रागावली नव्हती.

तिसरा गुरू मला फार आवडतो, ती कुमारी. घरची माणसं बाहेर गेली आहेत आणि सोयरिकीचे पाहुणे दारात. त्यांच्या जेवणासाठी ती आत एकटीच साळी कांडायला बसते. हातातल्या शंखाच्या बांगड्या वाजतात. हिला लाज वाटते, की घरी कांडायला माणूस नाही हे पाहुण्यांना कळेल. मग ती एकेक करून बांगड्या उतरवते, दोन दोन ठेवते. पुन्हा कांडते, तर दोनही वाजतात. मग एकच ठेवते, आणि आवाज थांबतो.

यावरून अवधूतांनी एकांताचा बोध घेतला, तो यतींसाठी ठीकच आहे. घरंदाज माणसाने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. एक म्हणजे तिने काम थांबवलं नाही आणि पाहुण्यांना बाहेर काढलं नाही. फक्त आवाज कमी केला. दुसरी तिची पद्धत. तिने पहिल्याच झटक्यात सगळ्या फोडल्या नाहीत. थोड्या काढल्या, ऐकलं, अजून वाजतंय का पाहिलं, मग पुढची काढली. ज्या निर्णयाला परतीची वाट आहे तो असा पायरीपायरीने घ्यावा. वृद्धाश्रमात राहायला जायचं ठरवताय? आधी महिनाभर राहून बघा, घराची किल्ली स्वतःकडे ठेवा. मुलीकडे कायमचं जायचंय? आधी एक पावसाळा काढून बघा.

गुडघ्याच्या ऑपरेशनचं घ्या. घराच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विषय निघाला की बांगड्या वाजायला लागतात. कोणाच्या सासूचं बिघडलेलं असतं, कोणाला एका तेलाने गुण आलेला असतो, कोणी केरळचा पत्ता पाठवतं. एका डॉक्टरने सांगितलं तर दुसऱ्याचं मत जरूर घ्यावं. पण दोन बांगड्याही वाजतातच. दोन डॉक्टरांची मतं जुळली नाहीत म्हणून पाचव्याकडे गेलो तर आवाज वाढेल, उजेड वाढेलच असं नाही. दोन्हीकडे एकच ठरलेला प्रश्न विचारावा, ‘केलं नाही तर वर्षभरात काय होईल?’, आणि मग ज्याचा गुडघा त्याने ठरवावं.

पतंग, हत्ती, हरिण, मासा हे एका घरातले. प्रत्येकाला एकेका इंद्रियाने ओढून नेलं. पतंगाला रूपाने, हत्तीला स्पर्शाने, हरिणाला नादाने, माशाला चवीने. यांतला हरिण आज आपल्या फोनमध्ये बसला आहे. पारध्याचं गाणं कानावर पडलं की हरिणाचे पाय जागच्या जागी थांबतात. तसाच फोन येतो: आम्ही पोलीस बोलतोय, सीबीआयमधून बोलतोय, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुम्हाला ‘डिजिटल अरेस्ट’ केली आहे, व्हिडिओ कॉल बंद करायचा नाही, कोणाला सांगायचं नाही. निवृत्त प्राध्यापक, डॉक्टर, बँकेत आयुष्य गेलेली माणसं या गाण्याला थांबली आणि आयुष्याची पुंजी पाठवून मोकळी झाली. अशी काही अटक आपल्या कायद्यात नाहीच. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्येही हे देशाला सांगितलं. पण कायदा आठवायला आधी कान मोकळे व्हायला हवेत. हरिणाने गाण्यातला खरेखोटेपणा तपासत उभं राहू नये, पळावं. फोन ठेवून द्यावा, शेजाऱ्याचं दार वाजवावं, पैसे गेले असतील तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवावं. ‘कोणाला सांगू नका’ हे शब्द आले की पारधी ओळखावा.

माशाचा गळ तर जुनाच. महिन्याला अमुक टक्के देतो म्हणणारा प्रत्येक जण आमिषच दाखवतो, गळ कधी दाखवत नाही. आणि मधमाशी व मध नेणारा हे दोघेही मुदतठेवीवाल्यांनी जवळ ठेवावेत. साठा करावा, आपण संन्यासी नाही. पण सगळा मध एकाच पोळ्यात नको. बँकेतल्या ठेवींवर विम्याचं संरक्षण आहे ते एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल-व्याज धरून ५ लाख रुपयांपर्यंत, तेही २०२० पासून. त्याआधी एक लाखच होतं. चार शाखांत ठेवले म्हणून चार वेळा मिळत नाही, बँक एकच धरतात.

समुद्र, चंद्र, बाण घडवणारा कारागीर यांच्याबद्दल थोडक्यात. समुद्र पावसाळ्यात नद्या आल्या म्हणून फुगत नाही, उन्हाळ्यात आटत नाही; थकबाकीची मोठी रक्कम एकदम हाती आली तर तीन महिने काही करू नये. चंद्राच्या कला वाढतात-घटतात, चंद्र तोच असतो; तेराव्याच्या आत घरादाराचा कुठलाही कागद करू नये. कारागिराच्या बाजूने वाजतगाजत राजाची स्वारी गेली तरी त्याला कळलं नाही; सही करताना टीव्ही बंद असावा.

आता सगळ्यांत अवघड भाग. हे गुरू एकमेकांशी भांडतात.

पृथ्वी म्हणते सोसा. कुरर पक्षी म्हणतो सोडा. त्याच्या चोचीत मांसाचा तुकडा होता म्हणून दुसरे पक्षी त्याला टोचत होते, तुकडा टाकला आणि तो सुखी झाला. अजगर म्हणतो जे येईल त्यावर पडून राहा, आणि मधमाशी दिवसभर कष्ट करते. मग ऐकायचं कोणाचं? आपल्याला जो आवडतो त्याचं ऐकण्याचा मोह होतो, आणि माणूस नेमका तिथेच फसतो. आळशाला अजगर आवडतो. भांडखोर माणूस पृथ्वीकडे फिरकतही नाही. म्हणून एकच गुरू विचारून उठू नये. निदान तीन विचारावेत, आणि त्यांत एक असा असावा की ज्याचं ऐकायला मन तयार नाही.

राहत्या घराचंच पाहा. मुलं म्हणताहेत, आत्ताच बक्षीसपत्र करून टाका, नंतर कटकट नको. कुररला विचारलं तर तो म्हणेल, तुकडा टाका, टोचणं थांबेल. सर्पाला विचारलं तर तो आणखी पुढे जाईल. सर्प स्वतः घर बांधत नाही, दुसऱ्याच्या बिळात सुखाने राहतो, घर करणं हेच दुःख असं अवधूत त्याच्यावरून शिकले. ऐकायला दोन्ही गोड. पण सांगणारा अवधूत होता, त्याला भिक्षेची लाज नव्हती आणि मागे कोणी नव्हतं. ऐकणारा यदू राजा होता, आणि अवधूताने त्याला ‘राज्य आजच टाक’ असं सांगितलेलं नाही. तुमच्या मागे पत्नी आहे. कुररच्या चोचीत होतं ते जादा मांस होतं. तुमच्या बाबतीत ते डोक्यावरचं छप्पर आहे. म्हणून मग कपोताला बोलवा, ज्याचं ऐकायला अशा वेळी कोणीच तयार नसतं. तो विचारील, डोळ्यांसमोर जाळं दिसत असताना केवळ मन दुखवायचं नाही म्हणून सही करताय का?

तिघांचं ऐकल्यावर रस्ता बहुधा मधला निघतो. बक्षीसपत्र नोंदवलं की मालकी त्याच वेळी जाते. मृत्युपत्र आपल्यामागे अमलात येतं, हयातीत कितीही वेळा बदलता येतं, त्याला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी केली तर चांगलंच पण सक्ती नाही. कुररचं समाधान मृत्युपत्रानेही होतं, कारण कोणाला काय मिळणार हे ठरून जातं. आणि बक्षीसपत्रच करायचं ठरलं तर ‘आम्हा दोघांचा सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द खतात स्पष्ट लिहून घ्यावेत. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यातलं कलम २३ अशाच खतासाठी आहे. सांभाळ झाला नाही तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे जाऊन ते हस्तांतरण रद्द ठरवून घेता येतं. अट लिहिलेली नसली की तिथे फार अडचण येते. मुलं चांगली आहेत, अट कशाला, असं वाटेल. चांगल्या मुलांना अटीचा त्रास होत नाही.

दत्तजयंतीच्या सप्ताहात आपण गुरुचरित्राचं पारायण करतो. त्यानंतरच्या दिवसांत एक छोटी वही घालावी असं सुचवतो. डाव्या पानावर प्रश्न, चार ओळींत. उजव्या पानावर तीन गुरूंची नावं आणि प्रत्येकाने काय सांगितलं ते एकेका ओळीत. खाली काय ठरवलं आणि तारीख. वर्षाने, पुढच्या मार्गशीर्ष पौर्णिमेला, ती पानं उघडून पाहावीत. आपण कोणत्या गुरूला सारखं बोलावतो आणि कोणाला टाळतो, हे आपल्याच अक्षरात दिसतं. नवरा-बायकोने आपापली पानं वेगळी लिहून मग एकमेकांना दाखवली तर फार उत्तम. एकाला जो गुरू दिसत नाही तो दुसऱ्याला सहसा दिसतो.

चोवीस संपल्यावर अवधूत आणखी एक गुरू सांगतात, जो तसबिरीत नसतो. तो म्हणजे स्वतःचा देह. याच्या आधारानेच मी तत्त्वाचा विचार करतो, पण तो शेवटी दुसऱ्यांचाच आहे हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून मी त्यात न गुंतता हिंडतो, असं ते म्हणतात. आपल्या वयाला या पंचविसाव्या गुरूपाशी एक काम असतं, आणि ते आपण मुलांवर ढकलतो. अतिदक्षता विभागाबाहेर उभ्या असलेल्या मुलाला ‘व्हेंटिलेटर लावायचा का?’ असं डॉक्टर विचारतात, आणि तो आयुष्यभर त्या उत्तराचं ओझं वाहतो. आपल्याला शेवटी कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे आधी लिहून ठेवायला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्यता दिली, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का घेता येतो. मॅजिस्ट्रेटकडे जावं लागत नाही. डोकं स्वच्छ आहे, हात थरथरत नाही, अशा एखाद्या गुरुवारी घरच्यांना समोर बसवून तो कागद करावा, आणि त्याची एक प्रत मुलांकडे व एक आपल्या डॉक्टरांकडे द्यावी.